काम शिकवताना कॅमेरा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात 'माझं क्षेत्र' या मालिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. स्वतःचं कौतुक करायचं नाही. आपल्या क्षेत्रातली अशी एखादी गोष्ट सांगायची, जी इतरांना आपापल्या कामाच्या ठिकाणी वापरता येईल. अट मला मान्य आहे. अठ्ठावीस वर्षांनी भेटतोय, तेव्हा कौतुक करण्यापेक्षा कामाचं बोललेलं बरं.

मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि २००३ पासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली बरीच वर्षं माझं काम एकाच विषयाभोवती चाललंय. कारखाने, रुग्णालयं, गोदामं, अशा ठिकाणी कामगारांना आणि कर्मचाऱ्यांना व्हिडिओच्या मदतीनं काम शिकवायचं, त्यासाठी लागणारी प्रणाली आम्ही बनवतो. व्हिडिओ कुठे साठवायचा, कमी नेटवर्कमध्ये तो कसा चालवायचा, कुणी किती पाहिला, कुणाला काय समजलं, याची नोंद कशी ठेवायची, हे सगळं त्यात येतं.

काल रात्री आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सहज मोजलं. आपल्या तुकडीतले निदान अकरा जण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत आहेत. कुणी फौंड्रीत सुपरवायझर, कुणाचं स्वतःचं मशिन शॉप, कुणी लेथवर. तीन मैत्रिणी नर्स आहेत. दोघं एसटीत आहेत. सहा जण शिक्षक आहेत. म्हणजे नव्या माणसाला काम शिकवणं हा निम्म्या तुकडीचा रोजचा प्रश्न आहे. म्हणून हा विषय.

सुरुवात जुन्या काळापासून करते, कारण कॅमेऱ्यानं काम शिकवणं ही मोबाईलनंतरची गोष्ट आहे असा एक समज आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचे गवंडीकामातून वर आलेले एक गृहस्थ होते. वीट रचताना गवंडी किती वेळा वाकतो, किती वेळा हात फिरवतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचेकवर आणल्या. विटा जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर ठेवायच्या, एवढी साधी सुधारणा त्यात होती. पुढं १९१० च्या दशकात ते आणि त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी कामगारांचं चित्रीकरण करून हालचाली तपासायला सुरुवात केली. लिलियनबाईंनी १९१५ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, अकरा मुलं लहानाची मोठी केली. पायानं उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं. इथल्या मैत्रिणींनी घरी गेल्यावर फ्रिज उघडताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही. त्यांचा आग्रह असा होता की मोजायला घड्याळ पुरत नाही, काम करणाऱ्या माणसाचा थकवा आणि त्याचं मनही बघावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत कधी स्क्रू पिळलेला नाही अशी माणसं, विशेषतः स्त्रिया, लाखोंनी आल्या. तेव्हा सरकारनं शेकडो प्रशिक्षणपट तयार केले. त्याच काळात, १९४० ते १९४५ मध्ये, लाखो सुपरवायझर आणि मुकादम यांना 'काम कसं शिकवायचं' याचं शिक्षण दिलं गेलं. त्या शिक्षणाच्या चार पायऱ्या होत्या. एक, शिकणाऱ्याची तयारी करा, त्याला काय येतं ते विचारा, भीती घालवा. दोन, काम करून दाखवा, प्रत्येक टप्प्याचं कारण सांगा. तीन, त्याला करू द्या आणि करताना बोलायला लावा. चार, एकटं सोडा, पण मधूनमधून जाऊन बघा. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली, टोयोटानं ती उचलली आणि आजही तिथं ती जिवंत आहे.

आता आपली प्रयोगशाळा आठवा. अनुमापनाच्या तासाला विज्ञानाचे सर आधी विचारायचे, "ब्युरेट कुणी हातात घेतलीय?" मग स्वतः करून दाखवायचे. मग मागच्या बाकावरच्याला पुढं बोलावून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता तू काय करतोयस ते वर्गाला सांग." आणि शेवटी सगळ्यांना आपापल्या टेबलावर सोडून फेऱ्या मारत राहायचे. चारही पायऱ्या त्यात होत्या. सर आज इथं आहेत. सर, तुम्ही हे कुठून शिकलात ते आम्हाला माहीत नाही, पण मी नोकरीत ज्याला पद्धत म्हणते, ती मी आधी तुमच्या तासाला पाहिली होती.

या चार पायऱ्यांपैकी व्हिडिओ दुसरी पायरी फार छान करतो. पहिली, तिसरी आणि चौथी तो करत नाही. माझ्या क्षेत्रातले निम्मे घोटाळे, दुसरी पायरी झाली म्हणजे चारही झाल्या असं समजण्यातून होतात. हे वाक्य लक्षात ठेवलंत तर बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल.

आपल्याकडेही प्रयोग झाले आहेत. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोनं अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीवरून शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. आपलं राज्य त्यात नव्हतं. पण 'आमची माती आमची माणसं' आपल्या घराघरांत पोचला होता, आणि माझ्या आजोबांसारखी माणसं पेरणीच्या दिवसांतही तेवढ्यासाठी वेळेवर घरी यायची.

त्याहून शिकण्यासारखा प्रयोग अलीकडचा आहे. २००६ च्या सुमारास बंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये 'डिजिटल ग्रीन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कर्नाटकातल्या खेड्यांत शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी छोटे व्हिडिओ बनवले. संध्याकाळी गावातलाच एक माणूस ते लावायचा, मध्येच थांबवायचा, प्रश्न विचारायचा. प्रकल्पवाल्यांना एक गोष्ट दिसली. व्हिडिओ संपला की प्रेक्षकांचा पहिला प्रश्न खताच्या प्रमाणाचा नसायचा. ते विचारायचे, हा शेतकरी कोण आणि कुठल्या गावचा? जवळच्या गावचा, आपल्यासारखीच जमीन असलेला माणूस निघाला की विश्वास बसायचा.

कारखान्यातही अगदी हेच आहे. कामगार व्हिडिओ बघताना आधी मशिन बघतो. "हे आपलं मशिन न्हवं," असं त्याच्या मनात आलं की पुढचं सगळं वाया. चकचकीत पांढऱ्या जमिनीवरचं परदेशी यंत्र, हसतमुख मॉडेल, इंग्रजी निवेदन. आपल्या शॉपमध्ये काळी रेती, अंधारलेला कोपरा, आणि वीस वर्षं चाललेलं मशिन. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की व्हिडिओ तुमच्याच मशिनवर, तुमच्याच माणसाकडून करून घ्या. मोबाईलवर काढलेला, थोडा हललेला, पण आपला व्हिडिओ लाखभर रुपये देऊन बाहेरून आणलेल्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट लांबीची. २०१४ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं सरासरीनं सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत असं त्यात दिसलं. ते विद्यार्थी खुर्चीत बसलेले होते. आठ तासांची पाळी संपवून उभ्यानं बघणाऱ्या कामगाराकडून मी तीन मिनिटांपेक्षा जास्त मागत नाही. एका व्हिडिओत एकच काम. 'फर्नेसची सुरक्षितता' हा व्हिडिओचा विषय होत नाही. 'फर्नेसमध्ये भंगार टाकण्याआधी काय बघायचं' हा होतो.

हेच उदाहरण पुढं नेते. फौंड्रीवाल्यांना माहीत आहे, पण शिक्षकांसाठी सांगते. इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड १४०० अंशांच्या वर वितळलेलं असतं. त्यात ओलं भंगार पडलं, किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइपचा तुकडा पडला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. म्हणजे स्फोट होतो आणि वितळलेला रस बाहेर उडतो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं भंगार म्हणजे हाच धोका. आता हे नव्या पोराला कसं सांगायचं? "ओलं टाकू नको" असं सांगितलं तर तो मान हलवतो. भंगार वरून कोरडं दिसतं, पाणी आत असतं. व्हिडिओत आपण तोच तुकडा हातात घेऊन फिरवून दाखवतो, त्यातून गळणारं पाणी जवळून दाखवतो, बंद पाइप कसा ओळखायचा आणि तो बाजूला कुठे ठेवायचा ते दाखवतो. भंगार कुठे तापवून सुकवायचं ते दाखवतो. शेवटी एक प्रश्न. पडद्यावर चार तुकडे, यातला कुठला टाकायचा नाही? दोन मिनिटं वीस सेकंदांत हे बसतं. आपल्याच तुकडीतल्या एका मित्राच्या शॉपमध्ये आम्ही हे असंच केलं आणि तो व्हिडिओ त्यांनी भंगाराच्या ढिगाशेजारीच लावला.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या जागेची. समोरून चित्रीकरण केलं की डावा-उजवा उलटा होतो. बघणारा मनातल्या मनात तो फिरवत बसतो आणि तेवढ्यात पुढचा टप्पा निघून जातो. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यावरून धरा, म्हणजे बघणाऱ्याला आपलेच हात चालताहेत असं वाटतं. चेहरा एकदाच, सुरुवातीला दाखवा, नाव-गाव सांगण्यापुरता. नंतर फक्त हात. नर्स मैत्रिणींनो, हात धुण्याचं शिक्षण देताना हे करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं पाणी-साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद सांगितले आहेत. भिंतीवरच्या चित्रात वेळ दिसत नाही. व्हिडिओत ती दिसते, आणि साठ सेकंद किती लांब असतात हे लोकांना तेव्हाच कळतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. फौंड्रीत किंवा प्रेस शॉपमध्ये निवेदन ऐकू येत नाही. म्हणून आवाज बंद करून व्हिडिओ समजतो का, ही आमची कायमची चाचणी आहे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द, बाणाची खूण, चूक असेल तिथं लाल फुली. वाचता न येणाऱ्यालाही कळायला हवं. आणि भाषा. आज आपल्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं मोठ्या संख्येनं आहेत. सूचना फक्त मराठीत असेल तर आपण त्यांच्या जिवाशी खेळतोय. हल्ली यंत्राकडून भाषांतर आणि आवाज दोन्ही मिळतं. केंद्र सरकारचं 'भाषिणी' २०२२ पासून आहे, खासगी साधनंही आहेत. ती वापरा, पण ती भाषा बोलणाऱ्या कामगाराला एकदा ऐकवून मगच लावा. आपल्या धंद्यातले शब्द यंत्राला कळत नाहीत. प्रेसवरच्या 'डाय'चं भाषांतर 'मरा' असं झालेलं मी पाहिलंय. आम्ही हसलो, पण तो व्हिडिओ तसाच लागला असता तर हसण्यासारखं काही नव्हतं.

चौथी गोष्ट पोचवण्याची. मशिनवर क्यूआर कोड चिकटवा. हा कोड १९९४ मध्ये जपानमध्ये डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. पेमेंटसाठी आपण तो नंतर वापरला. त्याचं मूळ गाव कारखानाच. नव्या माणसानं मशिनसमोर उभं राहून कोड स्कॅन करायचा आणि त्याच मशिनचा व्हिडिओ बघायचा. साधारण ५०० केबीपीएस दरानं तीन मिनिटांचा व्हिडिओ अकरा एमबीच्या आसपास होतो. एवढा तर जिन्यातल्या नेटवर्कवरही उतरतो. मात्र तो कामाच्या वेळेत, कंपनीच्या डेटावर बघायला मिळाला पाहिजे. "घरी जाऊन बघा," असं म्हणणं म्हणजे बिनपगारी काम सांगणं आहे.

पाचवी गोष्ट प्रश्नांची. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणून तोच व्हिडिओ दहादा दाखवण्यापेक्षा एकदा दाखवा, आणि तीन दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मशिनपाशी उभं राहून दोन प्रश्न विचारा.

आता मी जरा अवघड विषयाकडे येते. आमची प्रणाली नोंद ठेवते. कुणी, कधी, किती वेळ पाहिलं, कुठे मागे जाऊन पुन्हा पाहिलं. या नोंदीचा चांगला उपयोग असा की एकाच जागी पंचवीस जण मागे जात असतील तर तिथं आपलं दाखवणं कच्चं आहे, तो भाग पुन्हा चित्रित करायचा. नोंद ही आधी शिकवणाऱ्याची परीक्षा असते.

पण तीच नोंद दुसऱ्या कामालाही वापरता येते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका तरुण कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय तेवीस. कंत्राटी. दोन दिवसांनी आमच्याकडे मागणी आली की या माणसानं सुरक्षिततेचा व्हिडिओ पूर्ण पाहिला होता असं प्रमाणपत्र काढून द्या. पडद्यावर त्याच्या नावापुढं हिरवी खूण होती. 'पूर्ण'. तेवढंच छापून दिलं असतं तर कागद तयार होता, आणि त्या कागदाचा अर्थ झाला असता, याला सगळं शिकवलं होतं, चूक याचीच.

मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी पूर्ण नोंद काढली. बारा मिनिटांचा तो व्हिडिओ एकाच टॅबलेटवर, एकाच संध्याकाळी, पाऊण तासात एकतीस जणांच्या नावावर 'पूर्ण' झाला होता. एकतीस जणांना बारा मिनिटांप्रमाणे सहा तासांहून जास्त वेळ लागला असता. व्हिडिओ पुढं ढकलता येऊ नये अशी सोय प्रणालीत होती. ती वेळ जातो म्हणून त्या कंपनीनंच लेखी सांगून बंद करून घेतली होती. प्रत्यक्ष व्हिडिओत जो प्रेस होता त्याला पुढं जाळीचं गार्ड होतं, दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती, म्हणजे प्रेस खाली येताना हात आत राहूच शकत नाहीत. हा मुलगा ज्या प्रेसवर होता तो पायाच्या पॅडलवर चालणारा जुना प्रेस होता. गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

आम्ही हिरव्या खुणेसकट सगळी नोंद पाठवली. वेळा, टॅबलेटचा क्रमांक, ती सोय बंद करण्याचं पत्र, सगळं. थोडी नाराजी झाली. आमच्या वरिष्ठांना फोन आले. पण नोंद नोंदच असते. नंतर तो कागद त्या मुलाविरुद्ध वापरला गेला नाही एवढं मला कळलं. ईएसआयसीचे लाभ त्याला मिळाले. बोटं मिळाली नाहीत.

हे मी इथं का सांगते? कारण भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या सुरक्षिततेची माहिती मिळणं, प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. हक्क कामगाराचा आहे. व्हिडिओ त्या हक्कासाठी आहे. मालकाच्या बचावाची पावती म्हणून तो वापरायला लागलो की शिकवणं थांबतं आणि सह्या गोळा करणं सुरू होतं. शिवाय कितीही चांगला व्हिडिओ गार्डची जागा घेत नाही. आधी गार्ड बसवा, दोन हातांचं बटण बसवा, आणि ते बटण वॉशर घालून अडकवून ठेवलेलं नाही ना ते रोज बघा. मग व्हिडिओ दाखवा. क्रम उलटा करू नका.

या त्या प्रसंगानंतर आमच्या टीमनं एक नियम केला. नुसतं पाहिलं म्हणून हिरवी खूण मिळत नाही. कामगारानं सुपरवायझरसमोर काम करून दाखवलं, आणि दोघांनी आपापल्या बाजूनं नोंदवलं, की मिळते. कामगाराच्या बाजूला एक जादा बटण आहे. 'माझं मशिन व्हिडिओतल्यासारखं नाही.' ते दाबलं की नोंद सरळ सेफ्टी ऑफिसरकडे जाते. सुरुवातीला काही ग्राहकांना हे बटण नको होतं. आता काही जण तेच बटण बघून आमच्याकडे येतात.

कॅमेऱ्याला न जमणारी एक गोष्टही सांगते. आपल्या भागातले जुने मोल्डर रेती मुठीत घेऊन दाबतात. मूठ उघडली की गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले का बघतात, मग गोळा मोडतात, तो स्वच्छ मोडला की ढेपाळला ते बघतात, आणि पाणी किती कमी-जास्त ते सांगतात. प्रयोगशाळेतलं यंत्र आकडा देतं, यांचा हात त्याच्या आधी सांगतो. ठसे आणि मोडलेला गोळा व्हिडिओत दिसतो. मुठीला काय लागलं ते दिसत नाही. तरीही मी म्हणते की हे चित्रित करून ठेवा. कारण अशी माणसं आता साठीच्या पुढं गेली आहेत, आणि त्यांच्यामागं शिकायला कुणी उभं नाही. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवा, पण भाषण करायला सांगू नका. काम करायला लावा आणि शेजारी एक नवं पोरगं उभं करा. ते पोरगं जे प्रश्न विचारेल, "काका, हे आत्ता तुम्ही का टाकून दिलंत?", ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं हीच खरी संपत्ती आहे. आणि व्हिडिओ बघून झाला की त्या पोराच्या हातात रेती द्या.

अशा माणसाचा व्हिडिओ काढताना त्याला आधी विचारा, कशासाठी वापरणार ते सांगा, आणि पडद्यावर त्याचं नाव घाला. काहींना शंका येते की आपली कला कॅमेऱ्यात घेतली की आपल्याला घरी बसवतील. ही शंका खोटी नाही. तिचं उत्तर गोड बोलून देता येत नाही. त्यांना शिकवण्याचा वेगळा मोबदला द्या, निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलवा. ज्यांनी असं केलंय त्यांच्याकडे जुनी माणसं आपण होऊन सांगायला पुढं येतात.

शेवटी आपल्या शाळेकडे वळते. दरवर्षी आपल्या शाळेतून दहावी झालेली काही मुलं आयटीआयला जातात, काही बारावी अर्धवट टाकून सरळ कारखान्याच्या गेटवर उभी राहतात. कामावरचा पहिला आठवडा त्यांच्यासाठी सर्वांत अवघड असतो. त्या आठवड्यात कुणाला विचारावं ते त्यांना माहीत नसतं, आणि विचारलं तर हसतील अशी भीती असते.

माझी सूचना अशी आहे. आपल्यातले जे अकरा जण कारखान्यांत आहेत, त्यांनी येत्या वर्षभरात प्रत्येकी दोन व्हिडिओ करावेत. तीन मिनिटांचे, आपल्याच शॉपमधले, मालकाची आणि कामगाराची परवानगी घेऊन. लेथवर काम करताना सैल बाह्या आणि हातमोजे का चालत नाहीत. ग्राइंडरची चकती बदलताना काय बघायचं. मशिनची दुरुस्ती चालू असताना वीज बंद करून त्या स्विचला स्वतःचं कुलूप कसं लावायचं. "गार्ड नसेल तर मी हे मशिन चालवणार नाही," हे नव्या मुलानं सुपरवायझरला कुठल्या शब्दांत सांगायचं. हा शेवटचा व्हिडिओ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संकलन, अक्षरं, साठवण, याची तांत्रिक जबाबदारी मी घेते. नर्स मैत्रिणींनी प्रथमोपचाराचे दोन करावेत. शिक्षक मित्रांनी ते कार्यानुभवाच्या तासाला दहावीच्या मुलांना दाखवावेत. फक्त लावून देऊन बाहेर जाऊ नये, मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. मुख्याध्यापकांशी सकाळी बोलले आहे, त्यांनी संगणक कक्षातला प्रोजेक्टर देण्याचं कबूल केलंय.

चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना हे करायचंय त्यांनी नाव, मोबाईल नंबर आणि विषय लिहून जावं. विषय सुचत नसेल तर एवढंच आठवा, कामावरच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणी काय सांगायला हवं होतं.